बखर, वखर आणि लांब पल्ला

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वाचनालय सांभाळणाऱ्या स्नेह्यांनी विचारलंय: "नव्या खरेदीत मिठावर, कागदावर, कापसावर अशी जाडजूड पुस्तकं आली. प्रत्येक पुस्तक दोन-चार हजार वर्षं पालथी घालतं, पण एकाच्या विषयाचा दुसऱ्याशी संबंध नाही. मी कपाटावर 'बखरी' अशी चिठ्ठी लावली. एका निवृत्त गुरुजींनी ती काढायला लावली. म्हणाले, बखर माणसाची असते, मिठाची नसते. त्यांचं बरोबर का? 'साद्यंत इतिहास' लिहिलं तर चालेल? की 'आद्यंत'?"

गुरुजींचं निम्मं बरोबर आहे. बखर म्हटलं की आपल्याला सभासद आठवतो, जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून शिवछत्रपतींची हकीकत लिहून काढणारा. नाहीतर पानिपतावरची भाऊसाहेबांची बखर. एक थोर पुरुष, नाहीतर एक मोठी लढाई, सांगणारा दरबाराच्या जवळचा, आणि ऐकणारा बहुधा धनी. या मापात मीठ बसत नाही हे खरं.

पण सगळ्या बखरी या मापाच्या नाहीत. महिकावतीची बखर बघा. उत्तर कोकणातल्या माहीम-केळवे भागाची ही हकीकत बाराव्या शतकात सुरू होते आणि पार सोळाव्यात येऊन थांबते. चारेकशे वर्षं झाली. लिहिणारे हात एकाहून जास्त, त्यातला काही भाग 1448 मधला. नायक कुणी एक राजा नाही, नायक तो मुलूखच. ही बखर 1924 साली छापून आणली इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी. तेच राजवाडे, ज्यांचं मत होतं की अस्सल कागदाचं एक चिटोरं सगळ्या बखरींना भारी पडतं! बखरींवर इतका राग असलेल्या माणसानं एका बखरीला लांबलचक प्रस्तावना जोडावी, यातच त्या बखरीचं वेगळेपण आलं. राजवाडे 1926 च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात गेले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथेच आहे, तुमच्यापासून काही फार लांब नाही. गुरुजींना घेऊन एकदा जाऊन या.

शब्दाच्या मुळाकडे पाहिलं तर गुरुजींची बाजू आणखी लंगडी पडते. बखर हे 'खबर'चं उलटलेलं रूप, असं बहुतेक कोशकार मानतात. दुसरंही एक मत आहे, की पत्राच्या अखेरीस येणाऱ्या फारसी 'बखैर'वरून तो आला. मला पहिलं पटतं, कारण अशी उलटापालट आपण रोज कानांनी ऐकतो. पाऊस लांबला की बाजारात कुणी 'नुकसान' म्हणत नाही, 'नुसकान' म्हणतात. 'मतलब'चं 'मतबल' होतं. तशी 'खबर'ची 'बखर' झाली. आणि खबर काय, कुणाचीही असू शकते, मिठाचीसुद्धा.

म्हणून एखाद्या लेखकानं पुस्तकाच्या नावात 'बखर' घातली तर माझी हरकत नाही. मराठीत तो आता थोडा नटवा शब्द झालाय. जुन्या कागदाचा वास यावा म्हणून मुद्दाम शिंपडतात. एका पुस्तकाला तो शोभतो, पण अख्ख्या कपाटाला अत्तर लावू नये.

खानदेशापुरती आणखी एक अडचण आहे, ती पुण्यातल्या कोशांत सापडणार नाही. आपल्याकडे शेतात वखर चालतो. आणि सातपुडा ओलांडून निमाडात गेलं की त्याच अवजाराला 'बखर' म्हणतात! म्हणजे तुमच्या दारात चोपड्या-यावलकडचा, निम्मे सोयरे पलीकडे असलेला एखादा शेतकरी आला आणि त्यानं 'बखरी' वाचलं, तर अवजारांची माहिती मागेल. चूक त्याची नाही. (दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध जोडू नका. ही निव्वळ टक्कर आहे. कापूस साठवायची वखार हीसुद्धा वेगळीच.)

वखराचं नाव निघालंच आहे तर सांगतो. नांगर खोल जातो, माती उलटी करतो. वखराचं आडवं लोखंडी पातं दोन-चार बोटं खोलीनं सरकतं, तण कापतं, ढेकळं फोडतं आणि बघता बघता शेत पार करतं. तुमची ही पुस्तकं वखरणीची आहेत. मिठाचं पुस्तक चीनमधल्या मिठावरच्या करापाशी सुरू होईल आणि 1930 च्या एप्रिलात गांधीजींबरोबर दांडीला पोचेल. मध्ये प्रत्येक देशात एकेक मुक्काम. ज्याला एकाच गावाचं दप्तर तपासायचंय त्याला हे उथळ वाटणार. पण पेरणीआधी वखरणी लागते, हे कुणाही शेतकऱ्याला विचारा.

आता साद्यंत. स + आदि + अंत, म्हणजे आरंभ आणि शेवट यांसकट. 'आद्यंत' म्हणजे नुसते आरंभ आणि शेवट. म्हणून विशेषण म्हणून 'साद्यंत' बरोबर, 'साद्यंत हकीकत' हे रूप शुद्ध. वापरात मात्र त्याचा अर्थ घसरून 'सविस्तर' असा झालाय. 'काल काय घडलं ते साद्यंत सांग' म्हणणाऱ्याला बारीकसारीक तपशील हवा असतो, आदि-अंताशी त्याचं देणंघेणं नसतं. 'आद्योपांत'चंही तसंच. त्यातला 'उपांत' हा क्रिकेटच्या 'उपांत्य फेरी'तल्या शब्दाचा सख्खा भाऊ. कुणी खवट माणूस म्हणेल, आद्योपांत वाचलंस म्हणजे शेवटचं पान राहिलं! त्यापेक्षा 'अथपासून इतिपर्यंत' मला आवडतं, पोथीच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीतून आलेलं.

पण यातला एकही शब्द कपाटाला चालणार नाही, कारण मिठाच्या गोष्टीला ना अथ ना इति. कागदाला निदान चीनमधल्या त्साई लुनचं नाव आणि इसवी सन 105 हे साल चिकटवतात. मिठाला तेही नाही. आणि शेवट? तो आज सकाळच्या भाकरीत आहे.

गंमत अशी, की या जातीच्या ग्रंथाला आपल्याकडे नेमका शब्द होता: पुराण. पुराणाची जुनी पाच लक्षणं अशी: सर्ग, प्रतिसर्ग, वंश, मन्वंतरं आणि वंशानुचरित. सृष्टीच्या उत्पत्तीपासून राजांच्या वंशावळीपर्यंत सगळं, यापेक्षा लांब पट कुठला? विषयही किती! अग्निपुराणात मूर्तिकलेपासून वैद्यक, धनुर्विद्या आणि व्याकरणापर्यंत सगळं सापडतं. पण आपण त्या शब्दाचं काय केलं? कुणी जरा लांबण लावली की घरातली म्हातारी म्हणते, "काय पुरान लाई ठेवं शे, भो?" हा शब्द आता कपाटावर लावला तर लोक एकतर हात जोडतील नाहीतर हसतील.

'कथा' राहते. साने गुरुजींनी हेन्री थॉमसचं सगळ्या मानवजातीवरचं पुस्तक मराठीत आणलं तेव्हा नाव दिलं 'मानवजातीची कथा'. अमळनेरच्या शाळेत मुलांना शिकवलेल्या माणसाच्या तोंडी हाच शब्द येणार. तिकडे राजवाड्यांनी 'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' लिहिला, तेव्हा त्यांना 'इतिहास' पुरला. इति-ह-आस, 'हे असं खरोखर होतं'. दोन्ही नावं आपापल्या जागी पक्की आहेत. फक्त कपाटावर 'कथा' लिहिलं की वाचक कादंबऱ्या शोधत येतो, आणि नुसतं 'इतिहास' लिहिलं की शिवकाल आणि पेशवाई. तुमची खरी अडचण तीच असणार. 'तवारीख' सुचवणार होतो, पण ते 'तारीख'चं अनेकवचन. पोरं कॅलेंडर समजतील.

मग माझी शिफारस: 'लांब पल्ल्याचा इतिहास'. हसू नका. पल्ला हा शब्द तोफेला, गोफणीला, बैलाला, एसटीला, सगळ्यांना लागतो. भुसावळच्या फलाटावर वाढलेल्या माणसाला 'लांब पल्ल्याची गाडी' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही: दूरवरून येते, दूर जाते, मधली बरीच स्टेशनं घेत नाही, आणि आपण चढतो तो तिचा आरंभ नसतो. 'दीर्घेतिहास' असला संधी करून बनवलेला शब्द कुणी सुचवला तर नम्रपणे नाकारा. तो वाचताना दात अडकतात.

गुरुजींना मात्र सांगा, की बखर माणसाचीच असते हे म्हणणं महिकावतीपुढे टिकत नाही. आणि चिठ्ठी जाड अक्षरात, थोडी खाली लावा. अशा कपाटाशी येणारे बहुतेक चाळिशीचा चष्मा विसरून येतात.