डब्याचं टेन्शन नको घेऊस

अगं, पहिलीतल्या लेकाला शाळेच्या डब्यात काय द्यायचं विचारलंस ना, तर पहिलं म्हणजे इन्स्टावरचे ते कप्पेवाले, अस्वलाच्या आकाराच्या इडल्यांचे डबे बघणं बंद कर, पोरांनी ते खाल्लं का हे कुणी दाखवत नाही. छोट्या सुट्टीत मुलांना जेमतेम दहा-पंधरा मिनिटं मिळतात, त्यातली निम्मी गप्पांत जातात, त्यामुळे न सांडता पटापट तोंडात जाईल असंच द्यायचं. पोळीचा रोल बेस्ट. आत तूप-गूळ, शेंगदाण्याची चटणी (शाळेत शेंगदाणे चालतात ना ते आधी विचार, काही ठिकाणी ॲलर्जीमुळे नको म्हणतात) नाहीतर बटाट्याची सुकी भाजी, आणि रोलचे दोन तुकडे कर, पहिलीतल्या पोराला अख्खा धरता येत नाही.

आणि हे नीट ऐक, गरम पोळी डब्यात कोंबायची नाही. वाफ धरते, पोळी ओली चिकट होते आणि मग "आई वास येतो" म्हणून डबा तसाच परत. जाळीवर जरा निवू दे, तूप लाव, मग भर. कणीक दुधात भिजवलीस, म्हणजे आपली दशमीच, तर दुपारपर्यंत मऊ राहते. भेंडी रात्रीच धुऊन कोरडी पुसून ठेव, सकाळी ओली चिरलीस की तार सुटलीच. सफरचंदाच्या फोडी मिठाच्या पाण्यातून काढ, लवकर काळ्या पडत नाहीत.

मेनू त्यालाच विचार, पण "काय हवं?" असं मोकळं नाही हं, "थालीपीठ की धिरडं?" असं, नाहीतर रोज मॅगीच सांगेल. आणि अर्धा डबा परत आला तर ओरडू नकोस, बहुतेक वेळा आपणच जास्त भरलेलं असतं.