उष्ण प्रदेशात हाडं टिकत नसतील, तर तिथे आदिमानव कधी पोहोचला हे कसं ठरवतात?

मातीच्या थरांवरून. दमट हवा आणि आम्लधर्मी माती हाडं बहुतेकदा खाऊन टाकते, दगडी हत्यारं मात्र राहतात. त्यांच्याभोवतीच्या वाळूच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं, हे प्रयोगशाळेत मोजता येतं. म्हणून नमुना थरात नळी ठोकून, उजेड लागू न देता काढतात. आंध्रातल्या ज्वालापुरमला तर सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीची राखच सापडली, आणि तिच्या खाली-वर दोन्हीकडे हत्यारं! म्हणजे उद्रेकानंतरही तिथे माणसं होती. फक्त ती आपल्याच प्रजातीची (होमो सेपियन्स) होती का, हे हत्यारांवरून छातीठोकपणे सांगता येत नाही. त्या थरांत मानवी हाडं मिळालेली नाहीत. (पुणे जिल्ह्यात बोरीला कुकडीकाठीही राख आहे, पण तिच्या वयावरून वाद झालेत.)