केर-फरशीचा रोबो: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: शुक्रवार पेठेत आमचं जुनं घर आहे. दोन खोल्यांत शहाबादी फरशी, बाकी टाइल्स, स्वयंपाकघराला काळ्या दगडाचा उंबरा. केर काढून फरशी पुसणारा रोबो घ्यावा का?
– एक वाचक, कोल्हापूर

आधी पट्टी घेऊन उंबरा मोजा. बहुतेक रोबो साधारण 2 सेंटीमीटरपर्यंतच चढतात. उंबरा त्याहून उंच असेल, तर रोबो दरवेळी उचलून पलीकडे ठेवावा लागेल आणि काम झाल्यावर तो स्वतःहून चार्जरकडे परतणार नाही. पलंगाखालची जागाही मोजा. वर लेझरची टोपी असलेल्या रोबोची उंची 10 सेंटीमीटरच्या आसपास असते.

काळ्या दगडाची अडचण वेगळी. जिन्यावरून पडू नये म्हणून रोबोच्या पोटाखाली सेन्सर असतात. ते अवरक्त प्रकाश खाली सोडून तो परत येतो का ते पाहतात. काळा दगड हा प्रकाश शोषतो, म्हणून काही रोबो तिथे खड्डा समजून मागे फिरतात. सेन्सरवर पट्टी चिकटवायचा सल्ला कुणी दिला तरी घरात जिना असेल तर ऐकू नका.

केर काढण्यात तो खरंच चांगला आहे: रोजची धूळ, केस, पलंगाखालचा कचरा. शहाबादीच्या सांध्यांतली सुटी धूळही बरीच ओढतो. पुसण्याचं तसं नाही. साध्या मॉडेलमध्ये ओलं फडकं नुसतं मागून ओढलं जातं, त्याला दाब नसतो. पावलांचे पुसट डाग जातात. तांबड्या रश्श्याचा वाळलेला थेंब जात नाही. सांध्यांत तर फडकं पोचतच नाही. फिरत्या गोल फडक्यांचे रोबो जास्त घासतात, पण तेलकट ओट्याखाली हातच लावावा लागतो. शिवाय फडकं धुण्याची सोय असलेला डॉक (रोबो चार्जिंगला उभा राहतो ते ठाणं) नसेल, तर एकच फडकं घरभर फिरतं आणि दोन खोल्यांनंतर घाण पसरवू लागतं. म्हणून आधी नुसता केर काढू द्या, मग फडकं लावा आणि मध्ये एकदा धुऊन घ्या. टाकीत साधं पाणीच घाला. फिनेल किंवा साबणाने फेस होतो, नळ्या तुंबतात.

दारातली रांगोळी झाडूनेच काढा, तिची बारीक भुकटी फिल्टर लगेच बुजवते. पावसाळ्यात दाराशी पाणी साचलं असेल तर रोबो तिकडे सोडू नका. ओढलेलं पाणी डब्यातल्या धुळीशी मिसळून चिखल होतो, मोटारपर्यंत गेलं तर ती जळते.

फरशी पुसणाऱ्या मावशींना बंद करू नका. आठवड्यातून दोनदा तरी हाताने पुसणं लागेलच.

प्रश्न: आमच्या रोबोची ओढ कमी झालीय आणि तो जागीच गोल फिरतो.

गोल फिरतो म्हणजे बहुधा एका चाकात केस अडकलेत किंवा पुढचा बंपर आत रुतून बसलाय. चाकं दाबून, फिरवून बघा, बंपर दोन्ही बाजूंनी टकटकवा. ओढीसाठी मुख्य ब्रश काढून दोन्ही टोकांच्या टोप्यांखालचे केस कापा, केस तिथेच दडतात. फिल्टर झटका. धुता येणारा असेल तर फक्त पाण्याने धुऊन 24 तास वाळवा, पावसाळ्यात दोन दिवस. ओलसर फिल्टर बसवला तर धूळ त्यावर थापली जाते आणि डब्याला वास येतो.