आईची सेवा, वडिलांचे घर आणि मुखत्यारपत्राचा आग्रह

नागपूरच्या मानेवाडा भागातील एका भगिनीने लिहिले आहे : घर वडिलांच्या नावावर आहे आणि ते २०१७ साली मृत्युपत्र न करता वारले. आई ७४ वर्षांची असून तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. तीन वर्षांपूर्वी आईच्या खुब्याचे हाड मोडले तेव्हा मी खासगी शाळेतील नोकरी सोडली. मी अविवाहित आहे. गेल्या वर्षी आईला स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचे निदान झाले. दोन्ही भाऊ पुण्याला असतात आणि अधूनमधून पैसे पाठवतात. आता थोरला भाऊ आईकडून स्वतःच्या नावे मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) करून मागत आहे. सेवेमुळे घरात माझा जास्त हक्क लागतो का, आणि आईने सही करावी का?

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर कटू असले तरी ते आधी सांगणे भाग आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ आपल्या कुटुंबास लागू आहे आणि घर वडिलांच्या स्वकमाईचे आहे असे धरल्यास ते आई, आपण व दोन भाऊ यांना प्रत्येकी एक चतुर्थांश वाट्याने आले. कोणी किती सेवा केली यावरून हा वाटा वाढत नाही. घरातल्या माणसाने केलेल्या शुश्रूषेचे मोल ठरवून देणारा कायदा आपल्याकडे नाही आणि ही उणीव मला फार खटकते, कारण नोकरी सोडणाऱ्या मुलीचा केवळ पगार थांबत नाही, तर तिच्या स्वतःच्या म्हातारपणाची तरतूदही त्याच दिवशी थांबते. मात्र आपण त्या घरात भावांच्या मेहेरबानीवर राहत नाही. आपण सहमालक आहात आणि आपल्या सहीशिवाय संपूर्ण घर कोणालाही विकता येणार नाही.

मुखत्यारपत्राबाबत भावाचा हेतू चांगला असेलही, परंतु त्या कागदाचा उपयोग त्याला वाटतो तसा होणार नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती विकल मनाची झाली की मुखत्याराचे अधिकार संपतात. म्हणजे ज्या दिवसासाठी हा कागद करून ठेवायचा, नेमका त्याच दिवशी तो निकामी होतो. त्यानंतरही तो वापरून केलेले व्यवहार वादात सापडतात. सध्याच्या सोयीसाठी तो करायचाच असेल, तर तो बँक, निवृत्तिवेतन व औषधोपचार एवढ्यापुरता असावा, त्यात विक्री, गहाण किंवा बक्षिसाचा अधिकार नसावा, आणि तो आपण व भाऊ दोघांनी मिळून वापरावा अशी अट असावी. आईची समज पूर्ण गेल्यानंतर तिच्या मालमत्तेचा कारभार पाहण्यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका करून पालक नेमून घेण्याचा मार्ग आहे, पण तो खर्चाचा व वेळखाऊ आहे. तिच्या मानसोपचारांबाबतचे निर्णय कोणी घ्यावेत हे मात्र मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ खाली नामनिर्देशित प्रतिनिधी नेमून आई आजच लेखी ठरवू शकते.

आपल्या काळजीचे खरे उत्तर आईच्या मृत्युपत्रात आहे आणि त्यासाठी वेळ थोडा आहे. आई तिच्या एक चतुर्थांश वाट्याची व्यवस्था तिच्या इच्छेने करू शकते. स्मृतिभ्रंशाचे निदान झाले म्हणून तिचा हा अधिकार जात नाही. सही करताना आपली मालमत्ता कोणती, आपली मुले कोण आणि आपण कोणाला काय देत आहोत हे तिला समजत असले पाहिजे. त्याच दिवशीचे, तिला तपासून दिलेले डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे, दोन साक्षीदार घरातले नसावेत, आणि नोंदणी सक्तीची नसली तरी ती दुय्यम निबंधकाकडे करून घ्यावी. आता आपल्याला जड वाटेल असे सांगतो : वकील आपण निवडू नका, मसुदा आपण सांगू नका आणि सहीच्या वेळी त्या खोलीत बसू नका. ज्याला लाभ होतो त्यानेच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर ते संशयास्पद परिस्थिती मानून लाभार्थ्याने तो संशय दूर करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच सांगितले आहे. शिवाय आईने आपल्याला काहीच जास्त द्यायचे नाही असे ठरवले, तर तोही तिचा अधिकार आहे. बक्षीसपत्र मात्र आज करू नये, कारण मृत्युपत्र ती कधीही बदलू शकते. बक्षीसपत्राने तिच्या हयातीतच तिच्या नावावर काही उरत नाही.

खर्चाचा प्रश्न भावांशी वेगळा बोलावा. रात्रीची आया, औषधे, डायपर, फिजिओथेरपी यांचा सहा महिन्यांचा हिशेब पावत्यांसह मांडून निवृत्तिवेतनातून किती भागते आणि किती कमी पडते ते दाखवावे, आणि आपल्यालाही दरमहा ठरावीक रक्कम मिळावी हे त्याच हिशेबात घ्यावे. ती मागण्यात कमीपणा नाही. भाऊ ऐकत नसतील तर आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाबाबतच्या २००७ च्या अधिनियमाखाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात आईच्या नावे अर्ज करता येतो. आई स्वतः जाऊ शकत नसल्यास तिने अधिकार दिलेली व्यक्ती तो करू शकते, आणि भाऊ पुण्यात असले तरी आई नागपुरात राहते म्हणून अर्ज इथेच चालतो. निर्वाहाची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे आणि निर्णय नोटीस बजावल्यापासून साधारणपणे ९० दिवसांत अपेक्षित असतो. आईचे निवृत्तिवेतन तिच्या गरजांना अपुरे आहे हे सिद्ध करावे लागेल, म्हणून वरील पावत्या आजपासूनच जपाव्यात.

वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिलांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आईसाठी एक आणि आपल्यासाठी दुसरा, असे दोन वेगळे वकील मागावेत.