तीन लहान मुलं आहेत (6, 4 आणि 2 वर्षं). दिवसभर भांडणं आणि पसारा, घरचे म्हणतात शिस्त नाही. शेअरिंग कसं शिकवू आणि रूटीन कसं लावू?

शेअरिंग शिकवू नका. निदान आत्ता तरी नको. तिघांना तीन आणा, सारखे आणा, रंगासकट सारखे आणा. लाल, निळा, पिवळा असं हौसेनं आणाल तर तिघांनाही लालच पाहिजे असतो. झालं उत्तर. पण तुमच्या प्रश्नातलं ते "घरचे म्हणतात शिस्त नाही" वाचलं आणि माझं डोकंच सटकलं, त्यामुळे आता थोडं लांबणार आहे.

मलाही तीनच आहेत. मोठी सात वर्षांची, दुसरीत, आणि मागचे दोघं जुळे, चार वर्षांचे. हे आधीच सांगून टाकते, कारण तीन म्हटलं की लोक तोंडावर विचारतात, मुलगा पाहिजे होता का. अहो दुसरंच बाळंतपण होतं, त्यात दोन निघाले, मी काय करू? नवरा सरकारी नोकरीत आहे, तिथे 2005 च्या लहान कुटुंबाच्या, म्हणजे दोनच मुलांच्या, नियमात दुसऱ्या खेपेला जुळं झालं तर ते एकच धरतात. सरकारला कळलं, नातेवाइकांना कळत नाही.

तर नातेवाईक. माझे भासरे आणि मोठ्या जाऊबाई पुण्याला असतात. एक मुलगी, आता नववीत, अतिशय गुणी, आणि जाऊबाईंचं म्हणणं असं की ती गुणी आहे कारण त्यांनी शिस्त लावली. असेल. पण एका पोरीला शिस्त लावण्यावरून तिघांच्या आईला सल्ला देणं मला कधीच पटलं नाही. उन्हाळ्यात फोनवर सांगतात, मुलांना ग्राउंडवर पाठवत जा ना, एनर्जी बाहेर पडते, मग शांत राहतात. नागपूरला! मे महिन्यात! 2013 च्या मे मध्ये इथे 47.9 गेलं होतं, आणि साध्या वर्षीसुद्धा सकाळी दहा ते संध्याकाळी सहा पोट्टे घरातच कोंडलेले असतात, एका कूलरसमोर तीन गाद्या आणि मधली जागा कोणाची यावरून रोज महाभारत. वर विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या शेवटी, तुमच्या पुण्याकडे पोरं शाळेत जाऊन बसतात तेव्हा आमचे घरात कूलरच्या टाकीत स्टीलच्या वाट्या सोडून बघत असतात तरंगतात का. ती एनर्जी कुठे बाहेर पडणार?

असो, तो विषय नाही. विषय तान्ह्या पोळ्याचा.

विदर्भाबाहेरच्यांसाठी दोन शब्द. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलांचा पोळा असतो. लाकडाचे बैल, त्यांना आम्ही नंदी म्हणतो, सजवून संध्याकाळी पोरं मैदानात नाहीतर देवळापुढे जमतात, तोरण लागतं, सजावटीला बक्षिसं असतात, आणि मग नंदी ओढत घरोघरी जायचं. प्रत्येक दारात नंदीला ओवाळतात आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवतात, म्हणजे दहा-वीस रुपये, चॉकलेट, असं काही. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 साली हा सुरू केला असं सांगतात. आणि त्याच दिवशी दुपारी महाल या आमच्या जुन्या भागाकडे काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीनं निघतात, काळी 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून, म्हणजे त्या दिवशी अख्ख्या नागपुरात कोणीच शहाण्यासारखं वागत नसतं.

एका वर्षी भासरे आणि जाऊबाई पोळ्याला आले होते, गणपतीपर्यंत राहणार होते. मी महालातून तीन छोटे नंदी आणणार होते, एकसारखे, तसं घरात बोलूनही दाखवलं. तर जाऊबाई म्हणाल्या, तीन कशाला, घरचा एवढा सुंदर नंदी माळ्यावर पडलाय. तो खरंच सुंदर आहे, ते मी नाकारत नाही. मामंजींनी सुताराकडून करून घेतलेला सागवानी नंदी, हात-दीड हात उंच, खाली चाकांची पाटी, एक चाक वाकडं म्हणून चालताना कुईकुई करतो, आणि शिंगं वेगळी घडवून डोक्यात खुंटीसारखी ठोकलेली. जाऊबाईंचं म्हणणं, तिघांनी आळीपाळीने ओढायचा, दहा-दहा मिनिटं, मी मोबाईलवर टायमर लावते, अशानंच शेअरिंग येतं. सासूबाईंनी लगेच री ओढली, "आमच्या घरी चार पोट्टे याच नंदीवर खेळले वो, कोणी रडलं नाही." मी म्हटलं ताई, जमणार नाही. नवऱ्यानं डोळ्यानं खुणावलं, वहिनी म्हणते तर राहू दे. राहू दिलं.

दुपारी नवरा तिघांना मारबत दाखवून आणला. तिथे लोक ओरडतात ना, खोकला घेऊन जा गे मारबत, रोगराई घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा, ज्याला जे नकोसं झालं ते. आमचे जुळे घरी येऊन पलंगावर उभे राहून काय ओरडून राहिले असतील? "दीदीला घेऊन जा गे मारबत!" मोठी रडायला लागली, सासूबाई हसायला लागल्या, जाऊबाई माझ्याकडे बघायला लागल्या. ती नजर तुम्ही ओळखाल.

संध्याकाळी निघालो. नंदीला झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू, आणि दोरी म्हणून जुना परकराचा नाडा. पहिली दहा मिनिटं मोठीची. ती सगळी तोरणापाशी रांगेत उभं राहण्यात गेली, एक पाऊल पुढे नाही. टायमर वाजला, दोरी एका जुळ्याकडे. आणि नेमकं तेव्हाच तोरण तुटलं आणि सगळे घरोघरी सुटले. त्याच्या दहा मिनिटांत चार घरं झाली, आणि प्रत्येक घरच्या काकू काय करतात, दोरी ज्याच्या हातात त्याच्याच हातावर बोजारा ठेवतात, बाकीचे दोघं मागे उभे ते त्यांना दिसतही नाहीत. त्यानं दोन्ही खिसे भरले. मोठी मला म्हणाली, आई, माझे दहा मिनिट रांगेचे होते, याचे घरांचे आहेत, हे सारखे कसे? तेव्हा सहाच वर्षांच्या असलेल्या पोरीला जे कळलं ते माझ्या एम. कॉम. झालेल्या जाऊबाईंना नाही कळलं. त्या म्हणाल्या, नियम म्हणजे नियम.

तिसऱ्याची पाळी आली ती पाचव्या घराच्या पायरीवर. काकू तबक घेऊन बाहेर येतायत, वीस-वीसच्या नोटा तबकात दिसतायत आणि मोबाईल वाजला. पहिला दोरी सोडेना. दुसऱ्यानं मग दोरीचा नाद सोडून सरळ नंदीचं शिंगच धरलं. दोघं दोन बाजूंनी, मधे मोठी ओरडतेय की माझा नंबर परत लावा, आणि कट् करून शिंग उपटून हातात आलं, बेगडासकट. तो शिंग घेऊन पळाला. पहिला चिखलात आडवा पडला, नवीन कुर्त्यासकट, नाडा मुठीत घट्ट. मोठीनं काही न बोलता तो एका शिंगाचा नंदी उचलला, तिला पेलत नव्हता तरी उचलला, आणि घराकडे चालायला लागली. सासूबाई मागून म्हणतात, पोरीनं कशाला धरावा, पोरांना दे. मी म्हटलं आई, आज कोणीच काही बोलू नका.

रात्री जेवताना जाऊबाई म्हणाल्या, मुलांना सवय नाही म्हणून झालं, हे चौघं भाऊ कसे एका नंदीवर खेळायचे. आणि माझा नवरा, जो वहिनीपुढे कधी तोंड उघडत नाही, तो वरणभात कालवता कालवता म्हणाला, "वहिनी, मला दोरी कधी मिळालीच नाही. मी सगळ्यात लहान. माझ्याकडे बोजाऱ्याचा डबा असायचा, तोही घरी आला की दादा घ्यायचा." भासरे मोठ्यानं हसले. म्हणाले, "अरे हो, डबा तुझ्याकडे असायचा नाही का!" त्यांना आठवतही नव्हतं. जाऊबाई म्हणाल्या, मग त्यानं काय बिघडलं? नवरा म्हणाला, काही नाही बिघडलं, फक्त माझ्या लक्षात आहे.

माझा वाद इथेच मिटला, पण जाऊबाईंचा मिटलेला नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. "आमच्या वेळी सगळे वाटून घ्यायचे" हे जो सांगतो ना, त्याला आधी विचारा तू कितवा. थोरला असेल तर त्याच्या आठवणीत सगळं गुण्यागोविंदानंच होतं, दोरी त्याच्या हातात होती. शेंडेफळाला विचारा. आणि कोणी रडलं नाही असं सासूबाई म्हणतात तेव्हा त्या घरात दोन काकू, एक आत्या, आजी, शेजारच्या मावशी एवढ्या बाया होत्या, रडणारं पोर कोणीतरी उचलून न्यायचं, आईपर्यंत आवाज पोचायचाच नाही. मी दिवसभर एकटी असते. तीन पोरं आणि दोन हात, यात शिस्तीचा प्रश्न कुठे आला?

पुढच्या वर्षी मी तीन नंदी आणले. एकाच दुकानातून, एकाच मापाचे, तिन्ही पांढरे. तिघं तीन दारांत उभे, तिघांना बोजारा, भांडण झालं ते फक्त कोणाचं चॉकलेट मोठं यावरून. आणि ऐका, घरी आल्यावर त्याच दोघांनी आपापले नंदी एकमेकांना खेळायला दिले, कोणी न सांगता. आपलं आहे, परत मिळणारच आहे, याची खात्री असली की पोर आपोआप देतं. चार वर्षांच्या आतल्या पोराला "नंतर तुझी पाळी" म्हणजे नंतर कधीच नाही असंच वाटतं. तुमचा धाकटा तर दोनचा, त्याला आत्ता कुठे "माझं" हा शब्द सापडलाय, तेवढा वापरू द्या त्याला.

आता रूटीनचं. दिवसभराचं टाइमटेबल भिंतीवर लावण्याच्या भानगडीत पडू नका. दोनच वेळा पाळा, रात्रीचं जेवण आणि झोप. आमच्याकडे साडेसातला ताटं आणि नऊला लाइट बंद, पाहुणे असोत नाहीतर लग्न असो. आंघोळ एखाद दिवशी राहिली तर राहिली. दप्तर आणि डबे रात्रीच भरायचे, मोजे बुटातच कोंबून ठेवायचे, सगळ्या मोज्यांचा रंग एकच. ताटं-पेले सारखे, मी तर नावंही नाही घालून आणली, नाव असलं की "माझ्या पेल्यात याने प्यायलं" सुरू होतं. पसाऱ्याला एक खोली देऊन टाका, बाकीच्या दोन वाचवा.

एक काम मात्र शिस्तीत करा. तिघांना ताप एकदमच येणार, आणि रात्री दोन वाजता कोणाला औषध दिलं हे नवरा-बायको दोघांनाही सांगता येत नाही. कालनिर्णयवर त्याच तारखेच्या चौकोनात लिहायचं, कोणाला, किती वाजता, किती एमएल. एकाला दोनदा आणि दुसऱ्याला नाहीच, असं व्हायला वेळ लागत नाही. तापाचं पॅरासिटामॉल सिरप 5 एमएलमध्ये 120 मिलिग्रॅमचं पण येतं आणि 250 चं पण, बाटल्या दिसतात सारख्याच, आणि डोस असतो वजनावर, त्यामुळे सहावाल्याचं माप दोनवाल्याला चालत नाही. डॉक्टरकडून तिघांचे आकडे लिहून घ्या आणि घरात एकाच ताकदीची बाटली ठेवा.

आणि हो, तीन-तीन आणा म्हटलं ते सायकल, झोपाळा, टॅब यांना लागू नाही, तेवढे पैसे आमच्याकडेही नाहीत. तिथे पाळीच लावावी लागते, फक्त ती मिनिटांवर लावू नका, फेऱ्यांवर लावा, गेटपर्यंत जाऊन परत एक फेरी. फेरी पोरांना डोळ्यांनी दिसते, मिनिट दिसत नाही. तुमच्या सहा वर्षांच्याला तर सारखं नको, वेगळं पाहिजे, वरच्या कप्प्यात एक डबा फक्त त्याचा, धाकट्यांनी हात लावला तर तुम्ही त्याची बाजू घ्यायची, "तू मोठा आहेस ना, दे" अजिबात म्हणायचं नाही. त्या डब्यात रिमोट गाडीचे चपटे गोल सेल, मणी, लोहचुंबकाच्या गोळ्या असलं काही असेल तर तो डबा धाकट्याच्या हाताला लागणार नाही एवढं बघा. सेल गिळला अशी नुसती शंका आली तरी घरगुती उपाय करत बसू नका, त्याच मिनिटाला दवाखाना, बाकीचे दोघं शेजारी सोडून.