नेत्रदवाखान्यातील नोंदी संगणकावर नेताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझा डोळ्यांचा दवाखाना आहे. एक ऑप्टोमेट्रिस्ट (दृष्टी व चष्म्याचा नंबर तपासणारा), एक परिचारिका आणि काउंटरवर एक मुलगा एवढाच कर्मचारीवर्ग आहे. केसपेपरचे गठ्ठे आता कपाटात मावेनासे झाले आहेत. दरवर्षी भाडे भरावे लागणारे सॉफ्टवेअर घ्यावे की ओपन सोर्स, म्हणजे मूळ कोड सर्वांसाठी खुला असलेली प्रणाली घ्यावी? ओपन सोर्स घ्यायची झाल्यास कोणती, आणि या दोन्हींपैकी कशावर अधिक भरवसा ठेवता येईल?
— एक नेत्रतज्ज्ञ, पांढरकवडा परिसर

उत्तर : डॉक्टरसाहेब, सॉफ्टवेअरची निवड करण्याआधी काचबिंदूच्या एखाद्या जुन्या रुग्णाचे सगळे केसपेपर कपाटातून काढून टेबलावर ओळीने मांडावेत, अशी माझी पहिली सूचना आहे. प्रत्येक भेटीला दोन्ही डोळ्यांचा दाब किती होता, तो कोणत्या वेळी आणि कोणत्या उपकरणाने मोजला, त्या वेळी कोणते थेंब चालू होते आणि मधल्या काळात कोणते बंद पडले, हे त्या कागदांवरून सलग वाचता येते का, ते पाहावे. पुष्कळदा ते वाचता येत नाही, कारण एखादा कागद गहाळ झालेला असतो, एखाद्यावर डावा-उजवा डोळा स्पष्ट लिहिलेला नसतो, आणि ऑटोरिफ्रॅक्टोमीटरची (चष्म्याचा नंबर मोजणाऱ्या यंत्राची) थर्मल कागदावरची चिठ्ठी नीट टाचून ठेवली असली तरी आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिच्यावरचे आकडे फिके पडत जातात. एका डोळ्याची अनेक वर्षांची नोंद एकाच पडद्यावर क्रमाने दिसावी, हीच आपली खरी गरज आहे आणि प्रत्येक प्रणाली याच कसोटीवर तपासावी. सर्वसाधारण दवाखान्यांसाठी केलेल्या पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये तपासणीसाठी एकच मोठा रकाना असतो. त्यात सगळे टंकून ठेवता येते, परंतु पुढे त्यातून दाबाचा आलेख निघत नाही.

या कसोटीवर तीन नावे विचारात घेण्यासारखी आहेत. ओपनआइज ही प्रणाली लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्र रुग्णालयातून पुढे आली असून ती केवळ नेत्रचिकित्सेसाठीच बांधलेली आहे, मात्र तिचा पसारा मोठ्या रुग्णालयाच्या मापाचा आहे. बाह्मनीचा उगम आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये, बिलासपूरजवळच्या गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयात आहे. रुग्णांच्या नोंदींसाठी ओपनएमआरएस, प्रयोगशाळेसाठी ओपनएलिस आणि हिशेबासाठी ओडू अशा अनेक प्रणाली तिच्यात एकत्र जोडल्या आहेत. आरोग्यनोंदी देशभर जोडणाऱ्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी जोडून घेण्याची सोयही तिच्यात आहे, आणि खाटा, प्रयोगशाळा व औषधभांडार असलेल्या रुग्णालयाला मी तीच सुचवेन. आपल्यासारख्या एका डॉक्टरच्या दवाखान्याला मात्र ओपनइएमआर अधिक सोयीची आहे. ती एका साध्या संगणकावर बसते, दवाखान्यातले बाकीचे संगणक ब्राउझरमधून तिला जोडता येतात, आणि एका नेत्रतज्ज्ञानेच पुढाकार घेऊन घडवलेला डोळ्यांच्या तपासणीचा स्वतंत्र फॉर्म तिच्यात आहे. प्रत्येक डोळ्यासाठी वेगळे रकाने, आकृती काढण्यासाठी जागा आणि काचबिंदूच्या रुग्णाच्या दाबाचा क्रमवार तक्ता ही तिची जमेची बाजू आहे.

ही प्रणाली अमेरिकेत वाढलेली असल्यामुळे पहिल्या रुग्णाची नोंद करण्यापूर्वी काही गोष्टी बदलून घ्याव्या लागतात. तारखेत दिवस आधी येईल अशी मांडणी करावी, नाहीतर ३ एप्रिल आणि ४ मार्च यांची गल्लत होऊन शस्त्रक्रियेनंतरच्या फेरतपासणीची तारीखच चुकेल. तिकडे दृष्टी फुटांच्या मापात २०/६० अशी लिहितात आणि आपण तीच ६/१८ अशी लिहितो. आपली पद्धत एकदा ठरवावी आणि ती दवाखान्यातल्या प्रत्येकाने पाळावी. विम्याच्या बिलांचे रकाने सरळ झाकून टाकावेत. मागच्या भेटीची तपासणी जशीच्या तशी पुढे आणण्याची सोय फॉर्ममध्ये आहे, तिच्याबाबत मात्र मी आपणास आग्रहाने सावध करतो. गर्दीच्या दिवशी ती हाताशी असली की मोह होतो, आणि कृत्रिम लेन्स बसवलेल्या डोळ्यापुढेही मोतीबिंदूची जुनी नोंद तशीच उमटत राहते. कागदावरची चूक एका भेटीपुरती राहते, ही चूक मात्र प्रत्येक भेटीत पुन्हा लिहिली जाते.

भरवशाविषयी आपण विचारले आहे. भाड्याच्या सॉफ्टवेअरबाबत विक्रेत्याला एवढेच विचारावे की करार संपल्यावर आमच्या सर्व नोंदी, रकान्यांसह, दुसऱ्या प्रणालीत भरता येतील अशा स्वरूपात मिळतील का, आणि ते लेखी द्याल का. ओपन सोर्स प्रणालीत डेटाबेस आपल्या संगणकावर असतो आणि त्याची रचना कोणालाही पाहता येते, त्यामुळे स्थापना करून देणारा तरुण उद्या नोकरीसाठी पुण्याला गेला तरी दुसरा जाणकार ते काम हाती घेऊ शकतो. माझ्या मते ओपन सोर्स घेण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. परवान्याला पैसे पडत नाहीत, परंतु स्थापना, प्रशिक्षण, यूपीएस, बॅकअप आणि वेळोवेळी नवी आवृत्ती बसवणे यांसाठी दरवर्षी रक्कम बाजूला काढावीच लागते. २०१८ मध्ये सुरक्षा-अभ्यासकांनी ओपनइएमआरमध्ये वीसहून अधिक त्रुटी दाखवून दिल्या होत्या आणि त्या दुरुस्त करण्यात आल्या, पण दुरुस्तीचा उपयोग ती बसवून घेणाऱ्यालाच होतो. म्हणून वार्षिक देखभालीसाठी माणूस ठरल्याशिवाय आपण सुरुवात करू नये, आणि घरून रुग्णांच्या नोंदी पाहता याव्यात एवढ्यासाठी प्रणाली थेट इंटरनेटवर उघडी ठेवू नये.

प्रश्न : माझ्या पतींचा नेत्रदवाखाना आहे आणि काउंटर मी सांभाळते. वीज कधीही जाते. एकाच गावातले एकाच नावाचे रुग्णही खूप येतात. संगणकच बंद पडला तर काय करायचे? आणि जुने केसपेपर रद्दीत द्यावेत का?
— एक वाचक, वरूड

उत्तर : ताई, नावांचा प्रश्न आपण काढलात ते फार चांगले झाले, कारण प्रणाली फसते ती बहुधा काउंटरवरच. एकाच माणसाचे नाव एकदा 'वानखडे' आणि पुढच्या खेपेस 'वानखेडे' असे लिहिले गेले की संगणकाच्या लेखी ती दोन माणसे होतात, आणि आधीच्या भेटीत नोंदलेला मधुमेह किंवा औषधाची अ‍ॅलर्जी दुसऱ्या नोंदीत दिसतच नाही. नाव देवनागरीत लिहिता येते. तरीही केवळ नावावर शोध घेऊ नये. मोबाइल क्रमांकावरही विसंबून चालणार नाही, कारण घरात एकच फोन असतो आणि सासू, सून व नातू तिघेही तोच क्रमांक सांगतात. प्रत्येक रुग्णाला दवाखान्याचा क्रमांक लिहिलेले जाड कार्ड द्यावे आणि ते रेशन कार्डासोबत ठेवायला सांगावे. कार्ड विसरले असेल तर गाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि अंदाजे वय या तिन्हींची खात्री केल्याशिवाय नवी नोंद उघडू नये. रुग्णाकडे १४ अंकी आभा क्रमांक (आयुष्मान भारत आरोग्य खात्याचा क्रमांक) असल्यास तोही एका रकान्यात टिपून ठेवावा, मात्र क्रमांक टिपल्याने नोंदी राष्ट्रीय व्यवस्थेशी आपोआप जोडल्या जात नाहीत.

विजेसाठी मुख्य संगणक आणि राउटर या दोघांनाही यूपीएस हवा. राउटरची आठवण बहुधा राहत नाही. वीज गेल्यावर डॉक्टरांच्या टेबलावरचा लॅपटॉप चालू राहतो, पण राउटर बंद असल्यामुळे नोंद उघडत नाही. उन्हाळ्यात मुख्य संगणक पत्र्याच्या खोलीत किंवा बंद कपाटात ठेवू नये. अडचणीच्या वेळेसाठी छापील केसपेपरचा एक गठ्ठा काउंटरवर कायम असावा आणि त्यावरच्या नोंदी त्याच संध्याकाळी चढवाव्यात.

बॅकअप रोज रात्री घ्यावा, आणि त्याची एक प्रत दवाखान्याबाहेर असावी. ओपनइएमआर वापरत असाल तर डेटाबेससोबत 'साइट्स' हे फोल्डरही प्रत्येक वेळी घेतले पाहिजे. स्कॅन केलेले कागद आणि सांकेतिक रूपात साठवलेले ते कागद उलगडण्यासाठी लागणाऱ्या डिजिटल चाव्यांचा भाग तिथे असतो, त्यामुळे केवळ डेटाबेस जपून ठेवणाऱ्याला ते कागद परत मिळत नाहीत. महिन्यातून एखाद्या रविवारी बॅकअप दुसऱ्या लॅपटॉपवर उतरवून एका जुन्या रुग्णाची नोंद आणि त्याचा स्कॅन प्रत्यक्ष उघडून पाहावा. हे उघडत नसेल तर आपल्याकडे बॅकअप नाही, असेच समजावे.

जुन्या कागदांविषयी : भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार भरती रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपाव्या लागतात, आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. बाह्यरुग्णांसाठीही निदान एवढीच शिस्त पाळावी. काचबिंदूचे रुग्ण आणि तिरळेपणाची किंवा आळशी डोळ्याची मुले यांचे कागद मात्र मी त्याहून पुष्कळ अधिक काळ ठेवण्याचा सल्ला देईन. सगळे कपाट स्कॅन करण्याच्या भरीस पडू नये. जो रुग्ण येईल त्याचेच कागद त्या दिवशी स्कॅन करावेत आणि जुन्या दाबाचे, चष्म्याच्या नंबराचे आकडे हाताने भरावेत. निरुपयोगी झालेले कागदही रद्दीवाल्याला देऊ नयेत, फाडून किंवा जाळून नष्ट करावेत, कारण त्यांवर लोकांची नावे आणि आजार लिहिलेले असतात.

प्रश्न : आम्ही मेळघाटात डोळ्यांची शिबिरे घेतो. तिथे नेटवर्क नसते. लॅपटॉपवर प्रणालीची वेगळी प्रत टाकून नेली तर चालेल का?
— एक ऑप्टोमेट्रिस्ट, परतवाडा

उत्तर : ते टाळावे. दोन प्रतींत दोन ठिकाणी नवे रुग्ण नोंदवले की एकच क्रमांक दोघांना दिला जातो आणि त्या प्रती पुन्हा एकत्र करणे हे जोखमीचे काम होऊन बसते. शिबिरात छापील फॉर्मच वापरावा, पण त्यातील रकान्यांचा क्रम पडद्यावरच्या फॉर्मसारखाच ठेवावा आणि प्रत्येक फॉर्मवर शिबिराचा क्रमांक आधीच छापलेला असावा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी निवडलेले आणि पऱ्हाटीची किंवा तुरीची काडी लागून बुबुळाला जखम झालेले रुग्ण यांचे फॉर्म वेगळ्या रंगाच्या कागदावर घ्यावेत आणि परतल्यावर सर्वांत आधी चढवावेत. जखम झालेल्या रुग्णाने औषधाच्या दुकानातून कोणते थेंब आणून घातले, हा रकाना त्या फॉर्मवर असलाच पाहिजे, कारण त्यात स्टेरॉइड असेल तर बुरशीचा संसर्ग झपाट्याने वाढतो आणि ही माहिती दवाखान्यात पोहोचेपर्यंत रुग्णाकडची बाटली फेकलेली असते.