अलाइनर घरपोच मागवू का? आणि माझ्या चहाचं काय?

प्रश्न : डॉक्टर, मी २९ वर्षांचा, पिंपरीला आयटीत आहे. कॉलेजात असताना तारा लावून दात सरळ करून घेतले होते, नंतर वर्षभर रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा साचा, घातला आणि मग तो सुटलाच. आता खालचे पुढचे दोन दात परत एकमेकांवर चढायला लागलेत. पुन्हा तारा नको वाटतात. मोबाईलवर सारखी जाहिरात दिसते, घरी किट येतं, आपणच दातांचा ठसा घेऊन पाठवायचा आणि पारदर्शक अलाइनर, म्हणजे दातांवर चढवायचं, काढता-घालता येणारं, दात सरकवणारं प्लॅस्टिकचं कव्हर, घरपोच, क्लिनिकपेक्षा बरंच स्वस्त. घेऊ का? आणि मला दिवसातून पाच-सहा वेळा चहा लागतो, तो चालेल ना?

उत्तर : किट मागवू नका. अलाइनर जरूर करा, तुमच्यासारख्या केसमध्ये ते छान काम करतात, पण आधी कुणीतरी तुमच्या तोंडात डोकावून बघायला हवं.

ठशात फक्त दातांचा आकार येतो. मुळं कशी आहेत, हाड किती शिल्लक आहे, हिरड्यांना सूज आहे का, एखादा दात आतून किडलाय का, हे त्यात दिसत नाही, त्यासाठी तपासणी आणि एक्स-रे लागतो. दात हाडात घट्ट रोवलेला नसतो, भोवती बारीक तंतूंचं आवरण असतं. त्यावर हलका दाब सतत राहिला की दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं, मागच्या बाजूला नवं तयार होतं आणि दात हळूहळू सरकतो. हिरड्यांचा आजार असताना हेच केलं तर चांगला दातसुद्धा हलायला लागू शकतो. म्हणून आधी हिरड्या, किडके दात, सफाई, आणि मगच अलाइनर.

घरपोच प्रकाराचं अमेरिकेत काय झालं तेही सांगते. स्माईलडायरेक्टक्लब नावाची मोठी कंपनी असेच अलाइनर विकायची, ती डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि ज्यांची ट्रीटमेंट अर्धवट होती ते लोक तसेच अडकले. दात मध्येच कुठेतरी येऊन थांबलेत आणि विचारायला डॉक्टरच नाही, याचा मला खरंच राग येतो. डॉक्टर निवडताना ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेत, एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) केलेले बघा आणि अलाइनर कुठल्या ब्रँडचा यापेक्षा प्लॅन कोण करतंय, दर थोड्या आठवड्यांनी दात कोण तपासणार, हे विचारा.

प्लॅन असा असतो, की स्कॅन करून कॉम्प्युटरवर दात टप्प्याटप्प्याने सरकवून बघतात आणि प्रत्येक टप्प्याचा वेगळा अलाइनर बनतो. एक अलाइनर दात साधारण पाव मिलिमीटरच हलवतो, मग एक-दोन आठवड्यांनी पुढचा. काही दातांवर दातांच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवतात, पकड मिळावी म्हणून, तर ‘अजिबात दिसत नाही’ हे जाहिरातीतलं पूर्ण खरं नाही, जवळून दिसतात. जागा कमी असेल तर दोन दातांच्या मधलं इनॅमल, म्हणजे दातावरचा कडक थर, अगदी किंचित घासतात. ऐकून घाबरू नका, पण आधी विचारून घ्या की माझ्यात किती घासणार.

आता चहा. अलाइनर दिवसाचे २० ते २२ तास दातांवर हवा. म्हणजे हातात राहिले दोन ते चार तास, त्यात नाश्ता, दोन जेवणं, ब्रश आणि तुमचे पाच-सहा चहा, प्रत्येक चहाला काढा, प्या, गप्पा मारा, चूळ भरा, परत घाला... हिशोब बसत नाही हो. आणि अलाइनर घालूनच चहा प्यायला तर गरम चहाने प्लॅस्टिकचा आकार बिघडू शकतो, डाग पडतात, शिवाय साखर आत अडकून दाताला चिकटून बसते, लाळेला ती धुता येत नाही, म्हणजे कीड लागायला मोकळं रान. चहा दोन-तीनवर आणा आणि नाश्त्या-जेवणासोबतच घ्या. मधे फक्त साधं पाणी. काढलेला अलाइनर टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवू नका, तो उष्ट्यासोबत जातो, डबीतच ठेवा. धुवायचा साध्या पाण्याने मऊ ब्रशने, उकळतं पाणी नको.

आणि यावेळी रिटेनर सोडू नका. सरकवलेले दात परत जुन्या जागी जायला बघतात, त्यात वयाबरोबर खालचे पुढचे दात तसेही दाटीवाटीने येतात. सुरुवातीला डॉक्टर सांगतील तितके तास, नंतर रात्री झोपताना, आणि हे जितकी वर्षं दात सरळ हवेत तितकी वर्षं. खालच्या दातांना मागून बारीक तार कायमची चिकटवून घेता येते, तुमची सवय बघता तीच मागा.

प्रश्न : मुलगी १३ वर्षांची, वरचे दोन्ही सुळे हिरडीत उंच आलेत. शाळेत चिडवतील म्हणून तिला तारा नको, अलाइनर हवेत. जमेल का?

उत्तर : ताई, जमतं कधीकधी, पण उंच राहिलेला सुळा खाली ओढून आणणं अलाइनरला जड जातं, तिथे तारा जास्त भरवशाच्या. शिवाय या वयात अलाइनर दप्तरात विसरला, डब्यासोबत हरवला, हे फार होतं. तिला तारा लावायच्याच झाल्या तर दाताच्या रंगाच्या सिरॅमिक ब्रॅकेटचा (तार धरायला दातावर चिकटवतात ते छोटे तुकडे) पर्याय आहे, तो डॉक्टरांना तिच्यासमोरच विचारा. मात्र दाखवायला दहावी संपायची वाट बघू नका, सुळ्यांना जागा आहे की नाही हे एक्स-रेवर आत्ताच कळेल.